चुलती सरपंच झालीय, पण डोंगल दुसऱ्याच्या खिशात आणि प्रोसिडिंगवर कोऱ्या सह्या. सुरुवात कुठनं करायची?

सीनाकाठची_पोर

नमस्कार मंडळी. मोबाईलवरनं लिहितेय, लांब होणार आहे, सांभाळून घ्या. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, नाव मुद्दाम टाकत नाही. सोडतीत सरपंचपद अनुसूचित जाती महिला असं निघालं आणि दोन्ही पॅनलवाल्यांना एकदम आमच्या वस्तीचा रस्ता आठवला, एरवी मयतीला पण येत नव्हते. एका पॅनलनं माझ्या चुलतीचं नाव पुढं केलं. का, तर ती कुणाला उलटून बोलत नाही, चुलता वारलाय त्यामुळं घरात बोलणारा पुरुष नाही, आणि ती ज्यांच्या रानात खुरपायला जाते तेच पॅनलप्रमुख. चौथी शिकलीय, सही करते, बोट ठेवून हळूहळू वाचते. थेट जनतेतनं निवडून आली आणि चांगल्या मतांनी आली, म्हणजे लोकांनी तिच्याकडं बघून पण मत दिलंय, नुसतं पॅनलकडं बघून नाही.

आता वर्ष होत आलं. महिन्याची मिटिंग झाली हे तिला दुसऱ्या दिवशी कळतं. शिपाई प्रोसिडिंगचं, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताचं, रजिस्टर घेऊन रानात येतो, बांधावर बसून सही घेतो, पान बऱ्याचदा कोरं, वर फक्त तारीख. डोंगल, म्हणजे तिची डिजिटल सही, पॅनलप्रमुखाच्या पुतण्याकडं. १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी तिच्या हातात दिली, फोटो काढले, स्टेटसला टाकले. पण नंतर रस्त्याच्या कामाचा नारळ फोडायची वेळ आली तर "तिच्या हातनं नको, शुभ काम आहे" म्हणून बाजूला उभं केलं. हे सगळ्यांसमोर. मानधन तेवढं तिच्या खात्यावर येतं.

मी सोलापुरात नोकरीला आहे, रविवारी गावी जाते. ऑफिसात सहज विचारलं की चुलतीला मिटिंगचा निरोप का येत नाही, तर हसत हसत सांगितलं, पोरी तू तुझी नोकरी कर, अविश्वास आणायला किती वेळ लागतो, आणि तुमचं घर गायरानात आहे ते पण लक्षात असू दे. तेव्हापासनं चुलती मलाच म्हणते, तू नको बोलत जाऊ.

तर विचारायचं असं की डोंगल परत कसं घ्यायचं, कोऱ्या पानावर सही नाही म्हणलं तर तिचं पद जातं का, आणि जिला आयुष्यभर चार लोकांत बोलायची सवयच नाही तिनं त्या खुर्चीत बसून नेमकं काय करायचं. उगं 'सक्षमीकरण' वगैरे भाषण नको, ते ८ मार्चला ऐकून घेतो आम्ही.

रिटायर_भाऊसाहेब

पोरी, तू योग्य ठिकाणी बोट ठेवलंस. मी ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, जास्त माळशिरस आणि मंगळवेढा तालुक्यात, आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण लोक भाऊसाहेबच म्हणतात. आतलं सांगतो.

आधी डोंगलचं. वित्त आयोगाचा पैसा आता चेकनं जात नाही, ऑनलाईन जातो. ग्रामसेवक त्याच्या डोंगलनं पेमेंट तयार करतो आणि सरपंचाच्या डोंगलनं ते मंजूर होतं. दोन्ही लागल्याशिवाय रुपया हलत नाही. म्हणजे तुझ्या चुलतीचं डोंगल ज्याच्या खिशात तो खरा सरपंच, बाकी खुर्ची-बिर्ची सोड. आणि हे नीट समजावून सांग तिला, की उद्या ऑडिटमध्ये काम न करता बिल काढलेलं निघालं तर वसुली पुतण्याकडनं होत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांकडनं होते, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, गुन्हा दाखल झाला तर त्यात नाव तिचं. पद संपलं तरी ते मागं लागतं. मी अशा बायका बघितल्यात ज्यांना काय बिल होतं ते पण माहीत नव्हतं आणि नोटीस दारात.

सगळ्यात आधी काय बघायचं, तर डोंगल काढताना मोबाईल नंबर कुणाचा दिला होता. ओटीपी कुठं जातो ते बघ. नंबर तिचा नसेल तर तिथंच सगळं आलं. गटविकास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यायचा की माझी डिजिटल सही माझ्या ताब्यात नाही, ती बंद करून नवीन द्यावी, तोपर्यंत माझ्या सहीनं पेमेंट होऊ नये. तोंडी बोलण्याला आपल्याकडं किंमत नाही.

आता प्रोसिडिंग. कोऱ्या पानावर सही केली नाही म्हणून कुणाचं पद जात नाही, हे पहिलं डोक्यातनं काढा. उलट सरपंचानं विनाकारण मासिक सभा बोलावल्याच नाहीत तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३६ खाली सरपंच अडचणीत येतो, म्हणजे सभा बोलावणं हे तिचं काम आहे, पुतण्याचं नाही. नोटीस तिच्या सहीनं निघते, तीन दिवस आधी. मग तिला दुसऱ्या दिवशी कळतं म्हणजे नोटिशीवरची सही पण आधीच कोरी घेतलेली असणार, ते तपासा.

आणि एक गोष्ट जी वाचता न येणाऱ्या माणसाला लई कामाची आहे. प्रत्येक सभेत पहिला विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय सगळीकडं "वाचून कायम केले" असं लिहून मोकळे होतात, वाचत कुणीच नाही. तिनं फक्त एवढंच म्हणायचं, भाऊसाहेब, मोठ्यानं वाचा. वाचावंच लागतं. ठराव नंबर, सूचक कोण, अनुमोदक कोण, रक्कम किती, सगळं बाहेर येतं. आणि सही करताना शेवटच्या ओळीखाली जी जागा उरते तिथं तिरपी रेघ मारायची, मगच सही. ही रेघ मारायला चौथी पण लागत नाही.

आमच्या लोकांची पण बाजू ऐका. एकेकाकडं दोन-तीन गावं असतात, पॅनलप्रमुखाशी वाकडं घेतलं तर बदली. त्यामुळं भाऊसाहेब तिच्या बाजूनं उभा राहील ही अपेक्षा ठेवू नका, पण लेखी आलं की तो पण सावध होतो, कारण सही त्याची पण असते.

बुलेट_सोलापूर

याला पर्याय नाही हो. ज्यांना कळत नाही त्यांना आरक्षण देऊन पदावर बसवायचं आणि मग दुसरा चालवतो म्हणून रडायचं. पॅनलचा खर्च कुणी केला? त्यानंच ना? मग तो चालवणारच की. शिकलेले उमेदवार द्या, विषय संपला.

डाळिंबवाली_सांगोला

बुलेट दादा, अंगठेबहाद्दर पुरुष सरपंच मी माझ्या लहानपणी ढीगभर बघितलेत, तेव्हा कुणाला शिक्षण आठवलं नाही. आणि शिक्षणाची अट आहेच की, १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायला सातवी पास लागतं. पण या वयाच्या बायकांना शाळेतनं काढून ज्वारीच्या काढणीला कुणी नेलं, तेच आज म्हणतात शिकलेली बाई आणा. १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हा तेहतीस टक्के, २०११ पासून महाराष्ट्रात पन्नास. आणि त्याच्याही आधी १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेच्या बायकांचं अधिवेशन झालं त्यात पंचायत राज्याच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या असं ठरलं होतं, तेहतीस टक्क्यांचा पत्ता नव्हता तेव्हा. मग बायकांना कळत नाही हे कुठनं आलं.

आता सीनाकाठ, तुला सांगते. मी सदस्य होते, सांगोला तालुक्यात, ओबीसी महिला जागेवर. पहिल्या वर्षी मी पण घरीच सह्या केल्या. मला बदललं ते कुठल्या ट्रेनिंगनं नाही, ट्रेनिंगला तर यशदाचं, म्हणजे सरकारी प्रशिक्षण संस्थेचं, पत्र माझ्या नावानं आलं तरी आमचे हेच जाऊन जेवून आले होते. मला बदललं महिला सभेनं.

नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते, कायद्यातच आहे, कलम ७ मध्ये. बहुतेक गावात ती कागदावर होते, अंगणवाडीच्या बाईकडनं पंधरा-वीस सह्या गोळा करतात. आम्ही ती खरी घ्यायची ठरवलं. तर कुणी आलंच नाही. नोटीस होती सकाळी दहाची. सकाळी दहाला कोण बाई घरी असते? जिच्या घरी गडी आहेत ती असते. मजुरीला जाणारी सातलाच डबा घेऊन गेलेली असते, आणि तिनं दिवस मोडला की तीनशे-चारशेची हजेरी गेली. मग वेळ बदलून आदल्या दिवशी संध्याकाळी सात केली, भाकरी थापून झाल्यावर. तेव्हा आल्या, पण वस्तीवरच्या आल्या नाहीत. विचारायला गेले तर कळलं की जागा मारुतीच्या पारावर ठेवलीय आणि त्या बायका पारावर चढत नाहीत, कुणी अडवलं असं नाही म्हणे, पण कधी चढलो नाही. काही बोलले नाही कुणाला, पुढची सभा झेडपीच्या शाळेत ठेवली. शाळेत सगळ्यांची पोरं जातात, तिथं कुणाला अवघडायला होत नाही. त्या दिवशी वस्तीवरनं पहिल्यांदा बायका आल्या, मागं दाराजवळ बसल्या, पण बसल्या.

आणि मागितलं काय माहितीये? रस्ता नाही, सभामंडप नाही. एकीनं विचारलं, खांबावरचा दिवा आमच्या वस्तीच्या अलीकडंच का संपतो, अंधारात संडासला जाताना पोरी घाबरतात. दुसरीनं विचारलं, पाणी आम्हाला शेवटी का सुटतं, तोवर टाकी संपलेली असते. म्हणजे गावातल्या पैशाची वाटणी कशी होते तेच विचारलं की, फक्त बजेट हा शब्द न वापरता.

मग खरी गंमत. ग्रामसभेत मी हे सांगितलं तर लिहिणाऱ्यानं लिहिलं, "पाणी व दिवाबत्ती विषयावर चर्चा करण्यात आली." चर्चेला कुणी पैसे देत नाही. मी म्हणलं ठराव लिहा, नंबर टाका, सूचक माझं नाव. दहा मिनिटं शांतता. मग आमच्या जाऊबाई, ज्या माझ्याशी घरात बोलत नव्हत्या, त्या म्हणाल्या अनुमोदक माझं लिहा. दिवे लागले, पाण्याचं मात्र अजून रडगाणं चालूच आहे, खोटं कशाला सांगू.

तुझ्या चुलतीकडं तर सरपंचपद आहे, सभा बोलवायचा अधिकार तिचा, वेळ आणि जागा तिनं ठरवायची. भाषण येऊ दे नाहीतर नको. संध्याकाळची वेळ आणि शाळेची जागा एवढं जरी तिनं केलं तरी तिच्या बाजूनं बोलणाऱ्या बायका आपोआप समोर येऊन बसतील. एकटीनं बोलायची वेळच येऊ देऊ नका.

वकील_बार्शी

भाऊसाहेबांनी आणि ताईंनी सांगितलं ते बरोबर. मी धमक्यांवर लिहितो, कारण निम्मं राज्य धमकीवरच चालतं.

अविश्वास. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणताच येत नाही. त्यानंतर आणला तरी सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि वर तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानानं मंजूर व्हावा लागतो. म्हणजे शेवटचा निर्णय पुन्हा त्याच मतदारांकडं जातो. "किती वेळ लागतो" याचं उत्तर एवढं सोपं नाही त्यांच्यासाठी.

अतिक्रमण. ही धमकी मात्र हलक्यात घेऊ नका. शासकीय जागेवर अतिक्रमण असेल तर कलम १४ खाली अपात्र होता येतं, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की अतिक्रमण घरच्या माणसांनी केलेलं असेल आणि सदस्य त्याच घरात राहत असेल तरी ते लागू होतं. पण दुसरी बाजू पण आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच बाईंचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, त्यांच्यावर पण असाच आरोप, सासूबरोबर सरकारी जागेतल्या घरात राहतात म्हणून. कोर्टानं त्यांना पद परत दिलं आणि स्पष्ट म्हटलं की बाई सरपंच झाल्याचं गावकऱ्यांना पचलेलं दिसत नाही, आणि खालच्या अधिकाऱ्यांनी पुरेशी शहानिशा न करता यांत्रिकपणे आदेश काढले. तेव्हा तुमच्या घराचा कागद शोधा. नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या आकारणी नोंदवहीत, नोंद आहे का, कुणाच्या नावानं, नियमानुकूल करायचा अर्ज कधी केला होता का, घरकुल मंजूर आहे का. हे सगळं धमकी खरी व्हायच्या आधी फाईलला लावून ठेवा.

बाकी ज्या बारीक गोष्टींवर गरीब बायकांची पदं जातात त्या म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न देणं, निवडणूक खर्चाचा हिशोब तीस दिवसांत न देणं, घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी आल्यावर तीन महिन्यांत न भरणं, घरात संडास नसणं किंवा वापरात नसणं. पॅनलवाले फॉर्म भरताना सगळं करून देतात आणि पावत्या स्वतःकडं ठेवतात. त्या मूळ पावत्या घरी आणा आधी, डोंगल नंतर.

आणखी एक. अनुसूचित जाती-जमातीच्या सरपंचाला किंवा सदस्याला पदाचं काम करण्यापासून अडवणं, धमकावणं हा अॅट्रॉसिटी कायद्यात वेगळा गुन्हा आहे, २०१५ च्या दुरुस्तीनं घातलेला, कलम ३(१)(एम). उठसूट काढून वापरायचं हत्यार नाही हे, गावात राहायचं असतं. पण गटविकास अधिकाऱ्याच्या अर्जात शेवटी या कलमाचा नुसता उल्लेख असला तरी फाईल टेबलावरनं हलते असा अनुभव आहे.

करमाळा_एक्सप्रेस

नारळाचं वाचून डोकं फिरलं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्याच महिन्यात १७ तारखेला शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना असंच करा म्हणून सांगितलं. आणि ही कल्पना मांडली होती आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या, आमच्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडेंनी. म्हणजे जिल्ह्यातनं निघालेली गोष्ट सगळ्या महाराष्ट्रात गेली आणि मोहोळात अजून नारळाला विधवा चालत नाही. हा ठराव तुमच्या ग्रामपंचायतीत झालाय का बघा, नसेल तर चुलतीनं पहिला ठराव हाच मांडावा. विरोध करायला उघडपणे कुणी उभं राहणार नाही, कारण विरोध केला तर पेपरात येतं. पैशाचा विषय नाही त्यामुळं पॅनलप्रमुख पण आडवा येणार नाही, आणि चुलतीला सभेत एकदा ठराव मांडायची सवय होईल.

सीमेवरचा_अक्कलकोट

आमच्याकडचा वेगळाच प्रॉब्लेम. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कडेला निम्म्या बायका घरात कन्नड बोलतात, मराठी समजतं पण चार माणसांत बोलायला लाजतात. नोटीस मराठीत, प्रोसिडिंग मराठीत. आमच्या गावात घंटागाडीच्या भोंग्यावर ग्रामसभेची सूचना कन्नडमधनं द्यायला लागलो तेव्हा बायका "आज एनु मीटिंग?" म्हणजे आज कसली मीटिंग, असं विचारत तरी यायला लागल्या. भोंग्याला खर्च शून्य.

डाळिंबवाली ताईंच्या बोलण्यात एक भर घालतो. सगळे म्हणतात बचत गटातल्या बायकांना ग्रामसभेत आणा, सरकारच्या उमेद अभियानातले गटांचे ग्रामसंघ आहेत, गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताई आहेत. चांगलंय, आणाच. पण सगळ्यात खालची बाई गटात नसतेच, कारण महिन्याची बचत भरायला तिच्याकडं सातत्यानं पैसा नसतो, नाहीतर ती सहा महिने गावातच नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं कॅलेंडर बघा. दसऱ्याच्या पुढं-मागं टोळ्या निघतात, परत यायला मार्च-एप्रिल. ग्रामसभा कधी होतात? १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी. २६ जानेवारीला त्या कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतात, २ ऑक्टोबरला उचल घेऊन बांधाबांध चालू. आणि 'आमचं गाव आमचा विकास'चा वर्षाचा आराखडा नेमका २ ऑक्टोबरपासून पुढं हिवाळ्यातच करतात. म्हणजे ज्यांच्या वस्तीला पाणी, संडास, दिवा सगळ्यात जास्त पाहिजे त्याच बायका आराखडा होताना गावात नाहीत. कुणी मुद्दाम केलंय असं नाही, पण झालंय तसं. यावर उपाय एकच दिसतो, १५ ऑगस्टच्या आधीच्या महिला सभेत त्यांच्या मागण्या ठरावानं लिहून घ्यायच्या आणि आराखड्याच्या वेळी तो ठराव नंबर पुढं करायचा. फासेपारधी वस्तीला तर हे जास्तच लागू आहे, तिथं मतदार यादीत नाव असलं तरी ग्रामसभेत आजवर कुणी बोलावलेलं नसतं.

सीनाकाठची_पोर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. अपडेट देते. भाऊसाहेब काका, तुम्ही म्हणलात तसं बघितलं, डोंगलला नंबर पुतण्याचाच आहे. पावत्यांमधली खर्चाच्या हिशोबाची पोच मिळाली, जात वैधता पण आहे, घरपट्टीची पावती नाही, ती नव्यानं भरून घेते. घराची नमुना ८ ला नोंद चुलत्याच्या नावानं निघाली.

पण चुलती काय म्हणते ते पण सांगते, कारण ते तुम्हा लोकांच्या उत्तरात येत नाहीये. ती म्हणते, "अर्ज दिला तर उद्या कामाला कुठं जाऊ? वस्तीतल्या धा-बारा बायका त्यांच्याच रानात हायत. माज्या पायी त्यांची बी हजेरी बंद व्हईल." यावर मला बोलता आलं नाही. मानधन म्हणाल तर दोन हजार लोकसंख्येच्या आतलं गाव आहे, आधी तीन हजार होतं ते सप्टेंबर २०२४ ला सहा हजार केलं, म्हणजे दिवसाला दोनशे. खुरपणीला त्याच्यापेक्षा जास्त मिळतात. सरपंचकी करून घर चालत नाही आणि घर ज्याच्यावर चालतं तो माणूस तोच.

डाळिंबवाली_सांगोला

हे खरं आहे आणि याला कायद्यात कलम नाही. म्हणून मी म्हणते पहिल्याच दिवशी डोंगलला हात घालू नका, भाऊसाहेबांचं मला इथं पटत नाही. डोंगल म्हणजे त्याच्या पैशाच्या थैलीला हात, तो चवताळणारच. आधी "वाचून दाखवा, मग सही करते" एवढ्यावर या. हे भांडण नाही, बाई अडाणी आहे म्हणून समजून घेतेय असंच दिसतं, त्याला नाही म्हणता येत नाही.

दुसरं, पन्नास टक्के आरक्षण आहे म्हणजे सदस्यांत निम्म्या बायका असणारच. त्या कुठं आहेत? त्यांच्या पण घरी रजिस्टर जातंय ना सहीला? पॅनलप्रमुखाच्या भावकीतली एखादी सून असेल त्यात, तिला पण कुणी विचारत नाही. तिच्याकडं जा. जात आडवी येईल, मला खोटा उत्साह नको, बऱ्याच ठिकाणी ती घरच्यांचीच बाजू घेते. पण पाणी चार-पाच दिवसांनी सुटत असलं की हंडा तिच्या पण डोक्यावर असतो. पाण्यावर एकत्र येतात, हे मी दोन वेगवेगळ्या गावात बघितलंय. त्या सुनेनं सभेत "मला पण वाचून दाखवा" म्हणलं तर तिची हजेरी कुणी बंद करू शकत नाही.

मजुरीचं असंय की सभेची वेळ संध्याकाळची ठेवली तर दिवस मोडत नाही. आणि महिला व बालकल्याणाचे १० टक्के, मागासवर्गीयांचे १५ टक्के, दिव्यांगांचे ५ टक्के, हे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातनं खर्च करावेच लागतात. तुमच्या गावात ते कशावर घातले हे मासिक सभेत वाचायला लावा. आमच्याकडं १० टक्क्यांत अंगणवाडीला खुर्च्या दाखवल्या होत्या, पोरं खाली सतरंजीवर. वस्तीतल्या बायकांना त्यातनं काही मिळालं की त्याच मग सरपंच बाईच्या मागं उभ्या राहतील.

बुलेट_सोलापूर

ताई मी विरोधात नाही ओ, पण पॅनलचा खर्च केलेला माणूस गप बसत नाही एवढंच म्हणणं होतं.

डाळिंबवाली_सांगोला

खर्च करून डोंगल विकत मिळतं असं कुठं लिहिलंय ते पण सांगा मग.

रिटायर_भाऊसाहेब

सांगोल्याच्या ताईंचं बरोबर असेल, गावात राहणाऱ्याला हवा जास्त कळते. तरी डोंगल लई दिवस बाहेर ठेवू नका, कारण तेवढ्या दिवसांची बिलं तिच्या नावावर चढतात. मधला मार्ग सांगतो. सध्या अर्ज डोंगल परत मागायचा देऊ नका, फक्त मोबाईल नंबर बदलायचा द्या. "माझा मोबाईल नंबर बदलला आहे, नवीन नंबर नोंदवावा" एवढाच दोन ओळींचा अर्ज. यात कुणाचं नाव नाही, कुणावर आरोप नाही, नंबर तर कुणाचाही बदलतो. पण एकदा नंबर तिचा झाला की ओटीपी लागेल तिथं पुतण्याला तिला फोन करावाच लागेल, आणि फोन आला की तिनं विचारायचं, कशाचं बिल हाय, किती हाय. वहीत लिहून ठेवायचं. पंधराव्या वित्त आयोगातले (२०२१ ते २०२६) ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, तेव्हा वस्तीच्या पाण्यावर किती गेले ते तिला त्या वहीतच कळेल.

सीनाकाठची_पोर

हे चालेल. नंबरच्या अर्जाला चुलती तयार झाली, आत्ताच फोनवर बोलले. फक्त तिच्याकडं साधा फोन आहे, बटणाचा, त्याच्यावर ओटीपीचा मेसेज येईल ना?

रिटायर_भाऊसाहेब

येतो की. मेसेज इंग्रजीत येतो पण आकडे आकडेच असतात, ते वाचता येतात तिला. अर्ज दोन प्रतीत करा, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. आधारला पण तोच नंबर जोडलेला आहे का बघा, नसेल तर आधी ते, नाहीतर मोहोळला दोनदा हेलपाटा होईल.